पांढरकवड्याचा कॅम्पर समुद्रावर

बोलतोय मी, कॅम्पर. माणसांकडे कशाला बघता? ओट्यावर माठाच्या शेजारी बघा. लाल अंगाचा, डोक्यावर झाकणाऐवजी स्टीलची ताटली घेतलेला, तोच मी. पाच लिटर पाणी मावतं माझ्यात. खाली तोटी आहे, ती हल्ली जड फिरते. ती तशी का झाली आणि माझं झाकण कुठे गेलं, ते सांगायचं आहे. पण आधी एक कबूल करतो, मी स्वभावाने संशयी आहे.

आमच्या जातीला ते शोभतं. आमच्यात कोण काय ओतेल याचा नेम नसतो. नागपूरकडच्या एका कारखान्यात साच्यातून बाहेर पडलो, तेव्हा पहिल्यांदा एका माणसाने माझ्यात नाक घालून वास घेतला. तेव्हापासून आजपर्यंत जो येतो तो आधी वास घेतो आणि मग पाणी पितो. माणसं आपल्यावर संशय घेतात म्हटल्यावर आपणही दोन संशय बाळगले तर बिघडलं काय?

पांढरकवड्याला हायवेवरच्या एका दुकानात मी दोरीला लटकत होतो. २००९ चा मे महिना. गोविंदा भगत नावाच्या ट्रक ड्रायव्हरने मला खाली उतरवलं, टिचक्या मारल्या, तोटीत फुंकर घालून बघितली. "गयत तं नाही ना भाऊ?" असं, मी गळत नाही ना हे, तीनदा विचारलं आणि मगच घेतलं. त्याचा आधीचा कॅम्पर निर्मलच्या घाटात पडून फुटला होता म्हणे. मला त्याने सीटच्या मागे आकड्याला अडकवलं आणि पुढची तेरा वर्षं मी नागपूर ते हैदराबाद हा एकच रस्ता प्यायलो.

चांगला माणूस. कमी बोलायचा. त्याचा राग मात्र मला कळायचा. मालकाशी काही वाजलं, घरचा फोन बरा नसला, की तो वाटेतल्या नदीवर थांबायचा, ट्रक चाकं बुडतील एवढा पाण्यात उतरवायचा आणि तासभर घासून धुवायचा. धुऊन झालं की शिट्टी वाजवत निघायचा. पैनगंगेवर हे मी कितीदा पाहिलं असेल, त्याला गणती नाही.

गुडघ्यांनी दगा दिला तसा त्याने ट्रक सोडला. ट्रक मालकाचा होता, मालकाकडे राहिला. गोविंदाने घरी आणलं ते एक घोंगडं आणि मला. तिथून मी त्याच्या बायकोच्या, इंदूबाईच्या हाती आलो. ती मला रोज चिंचेने घासायची, उन्हाळ्यात अंगाभोवती ओलं गोणपाट गुंडाळायची. इतके लाड माझे कुणी केले नव्हते, आणि म्हणून माझा जीव तिच्यावर जास्त आहे. पुढचं ऐकताना हे लक्षात ठेवा.

त्यांचा मुलगा संघदीप कोकणात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर आहे. आमच्याकडची कितीतरी पोरं अशी तिकडे गेली आहेत आणि बदलीची वाट बघत भात खाताहेत. गेल्या जानेवारीत त्याने आईबापांना महिनाभर बोलावून घेतलं. तो दिवसभर शाळेत, सून मैत्रेयी अंगणवाडीच्या कामावर. म्हणून त्याने जुनी छोटी गाडी बापाच्या हवाली केली आणि म्हणाला, "बाबा, आईले रोज एकेक समुद्र दाखवा. सकाळी जा, सांजेले या."

पोचल्याच रात्री इंदूबाई सुनेला सांगत होती, "आमच्या लग्नाच्या साली भिंतीवर एक कॅलेंडर होतं. समुद्राचं. यायनं तवा वचन देल्लं मले. पाहू तं दोघं मिळून पाहू, एकट्यानं कोनी पाहाचा नाही. यायनं आजून पायला नाही, अन् म्या बी नाही." हे सांगताना ती नव्या नवरीसारखी लाजली. साठीची बाई, पण लाजली.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. मी मागच्या सीटवर, मैत्रेयीने दिलेल्या डब्याशेजारी. लाल मातीचा रस्ता, दोन्हीकडे आंब्याची कलमं, मध्येच खाडी लागली की गाडीसकट बोटीत चढायचं. इंदूबाई बोटीत माझ्यातलं पाणी तीनदा प्यायली, एवढी ती हरखली होती. पुढे एके ठिकाणी रस्त्याला दोन फाटे फुटले. पाटी नाही, माणूस नाही. गोविंदाने न थांबता, न विचारता गाडी डावीकडे वळवली, आणि दहा मिनिटांत समोर समुद्र उभा राहिला.

इंदूबाई खूप वेळ नुसती बघत होती. मग तिने हळूच विचारलं, "तुमाले हा रस्ता कसा मालूम?"

"अंदाजानं," गोविंदा म्हणाला.

मी कान टवकारले. तेरा वर्षं त्याच्यामागे लटकलेलो आहे मी. पाठ असलेल्या रस्त्यावरही हा माणूस खिडकीतून मान काढून दोघांना विचारल्याशिवाय वळत नसे. अंदाजाने म्हणे.

पुढच्या दिवशी आम्ही दुसऱ्या किनाऱ्याला निघालो. नाक्यावर चहाला थांबलो तर टपरीवाला म्हातारा चष्मा वर करून ओरडला, "ओ ढेपवाले! यवतमाळची गाडी ना तुमची? किती वर्षांनी आलात!"

गोविंदाचा चेहरा उतरला. "मी नाही थो. दुसरा कोनी असंन," असं म्हणून त्याने अर्धा चहा तसाच ठेवला आणि गाडीत येऊन बसला. इंदूबाईने आपला चहा संपवला. सावकाश, शेवटच्या घोटापर्यंत. त्या शांतपणाची मला भीती वाटली.

पांढरकवड्याला शेजारच्या शकुबाई तिला नेहमी म्हणायच्या, "ड्रायव्हरचं एक घर गावात अन् एक रस्त्यावर असते, इंदू." इंदूबाई तेव्हा हसायची. आता ती हसत नव्हती. किनाऱ्यावर कोकम विकणारी, मासळी वाळत घालणारी, पन्नाशीपुढची जी बाई दिसेल तिला ती वरपासून खालपर्यंत न्याहाळू लागली. एका बिचारीला तर तिने विचारलंसुद्धा, "बाई, तुमचे मालक काय करतात?" ती म्हणाली, "होडीवर असतात." तरी इंदूबाई दोनदा मागे वळून बघत आली.

खरं सांगतो, मलाही तसंच वाटत होतं. माझ्या आधी एक कॅम्पर होता, त्याने काय काय पाहिलं असेल कोण जाणे, आणि तो फुटून मोकळा झाला. सुटला बिचारा.

तिसऱ्या दिवशी इंदूबाईने स्वतःची वेगळी पाण्याची बाटली घेतली. चौथ्या दिवशीही. माझ्यातलं पाणी एकटा गोविंदा पीत होता. तीन वर्षं जिने मला चिंचेने घासलं, ती माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती, का तर मी त्याचा होतो. मला फार लागलं ते. दोघं शेजारी बसायची, समोर एवढा सुंदर समुद्र, माडांच्या सावल्या, पांढरे पक्षी, आणि मध्ये एक शब्द नाही. घरी मात्र संघदीपपुढे दोघंही म्हणायची, "मस्त हाय समुद्र, लई मस्त."

पाचव्या दिवशी गाडीतच ती बोलली. "उद्या मले नागपूरच्या गाडीत बसवून द्या. मी एकटी जातो घरी. तुमी राहा इथं, जिथं लोकं तुमाले वयखतात."

"कायची वयख?"

"ते तुमाले मालूम."

 गोविंदाने ओठ दाबले, आणि मला कळलं की आता कुठेतरी गाडी धुतली जाणार.

किनारा लांबच लांब होता आणि पाणी पार तिकडे, दूर गेलेलं. मध्ये ओली, घट्ट, चकचकीत वाळू. गोविंदाने इंदूबाईला खडकाजवळ उतरवलं, आणि पैनगंगेवर उतरवावी तशी गाडी सरळ पाण्याच्या कडेला नेली. मला खाली काढून चाकाजवळ ठेवलं. डब्याचं झाकण भरभरून तो समुद्राचं पाणी गाडीवर मारू लागला. पोराची गाडी लाल धुळीने माखली होती, ती लख्ख करून द्यायची. बॉनेट धुतलं, काचा धुतल्या, चाकांच्या आतसुद्धा हात घालून धुतलं. खाऱ्या पाण्याने! मी तोटीतून टिपं गाळत होतो, पण ऐकतं कोण.

धुऊन झालं आणि तो दारं उघडी टाकून, गाडीकडे आणि पाण्याकडे पाठ करून, वाळूवर बसला. खांदे पडलेले. शिट्टी नाही.

माझ्या बुडाशी पाणी आलं. गेलं. पुन्हा आलं, या खेपेला थोडं वर. मी मनात म्हटलं, हे बरं लक्षण नाही.

तेवढ्यात खडकावरून इंदूबाईची हाक आली. "अवो! गाडी काढा! भरती येऊन राह्यली, भरती!"

गोविंदा उठला, वळला, आणि बघतच राहिला. चाकं अर्धी वाळूत गेली होती. त्याने गाडी सुरू केली तर ती आणखी खाली बसली. तो खाली उतरला आणि, काय सांगू तुम्हाला, समुद्राकडे न बघता डोंगराकडे बघू लागला. जाळं आवरणाऱ्या एका कोळ्याला त्याने ओरडून विचारलं, "भाऊ, वरतं कुठं धरन हाय काय? पानी सोडलं वाटते!"

कोळी आधी थबकला आणि मग पोट धरून हसला. "धरण? अहो, भरती ती! रोजची! अजून दोन तास चढणार पाणी. पहिल्यांदाच आलात वाटतं दर्यावर?"

मी ते पुढचं नीट ऐकलं नाही, कारण एका लाटेने मला उचललं होतं. अर्धा रिकामा होतो म्हणून तरंगलो. झाकण सुटलं ते गेलंच. तोंडात खारं पाणी, तोटीत वाळू. आता संपलो म्हणेपर्यंत कुणीतरी माझी कडी पकडली. इंदूबाई. गुडघ्यांपर्यंत पाण्यात, लुगडं भिजलेलं, तिने मला छातीशी धरलं होतं. पण ती माझ्याकडे बघत नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती. तो बिचारा दोन्ही हातांनी लाट मागे ढकलत होता.

गाडी होड्या ओढायच्या ट्रॅक्टरने बाहेर काढली. कोळी गेले. दोघं खडकावर बसली, मी मधोमध.

"तुमाले मालूम नव्हतं?" इंदूबाईने विचारलं. "समुद्राचं पानी चढते ते?"

"मले कोन सांगतलं? पुस्तकात असंन. म्या पुस्तक कायले वाचलं?"

 इंदूबाईच्या डोक्यात काय चाललं होतं, ते मला स्पष्ट दिसत होतं. ज्या माणसाचं इथे एक घर असेल, त्याला भरती माहीत नसेल, असं होईल का?

"मंग थो चायवाला?"

गोविंदाने ओल्या पँटीच्या घड्या मोडल्या, पुन्हा घातल्या. "तीन खेपा केल्या म्या इकडं. अठ्ठ्याण्णव सालात. सरकीच्या ढेपीची पोती घेऊन. त्याच्या टपरीमागंच गोदाम होतं. हमाल म्हने, चाल, समुद्र दाखवतो, दोन मिनटावर हाय. म्या गेलो नाही. केबिनचा परदा लावला अन् झोपलो. माल उतरला तसा निंगालो."

"अन् घरी काहून नाही सांगतलं?"

"समुद्राच्या दारात जाऊन न पायता आलो, हे कोन मानलं असतं? तूनं मानलं असतं?"

 इंदूबाईने पदराने तोंड पुसलं. खारं पाणी होतं की काय होतं, कोण जाणे. मग ती एकदम म्हणाली, "म्या पायलता."

"काय?"

"समुद्र. दोन हजार पाचमंदी. सहा डिसेंबरले विहारातल्या बायांसंगं दादरले गेलतो ना, चैत्यभूमीवर. तुमी ट्रकवर होते. तुमाले सांगतलं का गर्दी लई होती, समुद्र दिसलाच नाही. खोटं सांगतलं म्या. मांगंच तं होता. सकाळी वाळू होती अन् सांजेले पानी पार भिंतीले लागलं. बाया म्हनल्या, ही भरती."

तो शब्द तिच्या तोंडी कुठून आला, ते मला आत्ता कळलं. एवढा संशयी मी, आणि माझं लक्ष सगळं त्याच्यावर. तिच्यावर एकदाही गेलं नव्हतं.

गोविंदा समुद्राकडे बघत म्हणाला, "मले मालूम होतं."

"कसं?"

"तुही पिशवी झटकली तं वाळू निंगाली. अन् एक शिंपला."

"मंग बोलले काहून नाही? ईस वर्सं!"

"तू सांगशीन म्हनून थांबलो."

इंदूबाई रडली. मोठ्याने, लाज न ठेवता. मग तिने मला तिरकं केलं, तळाशी उरलेलं थोडंसं गोडं पाणी ओंजळीत घेऊन प्यायली, आणि तोंड वाकडं केलं, कारण ते गोडं राहिलं नव्हतं. उरलेलं तिने त्याच्या ओंजळीत घातलं. तोही प्यायला. दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात गेली, संघदीपने कपाळाला हात लावला, आणि उरलेले सगळे किनारे आम्ही एसटीने पाहिले. नागपूरच्या गाडीचं नाव कुणी काढलं नाही.

आता परत पांढरकवडा. माझ्या तोटीतून वाळूचा एखादा कण अजून पडतो. नवं झाकण मिळालं नाही, म्हणून ही ताटली. संध्याकाळी दोघं अंगणात बसतात, मी ओट्यावरून ऐकतो, आणि माझा स्वभाव काही जात नाही. तीन खेपा! तीनदा तो समुद्रापासून दोन मिनिटांवर झोपला होता, वारा पडदा हलवत असेल, लाटा वाजत असतील. एकदाही पडदा बाजूला केला नसेल? एक डोळासुद्धा उघडला नसेल? आणि तो पाटी नसलेला फाटा, तिथे न विचारता डावीकडेच कसा वळला?

इंदूबाईलाही तसंच वाटतं. तिच्या चेहऱ्यावर मला ते दिसतं. कधीकधी ती तोंड उघडते, त्याच्याकडे बघते, आणि मग म्हणते, "चाय मांडू काय?" तिने विचारलेलं नाही. ती थांबली आहे.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. कधी आमच्या घरी आलात तर बसा, तोटी उघडा, हवं तेवढं पाणी प्या, आधी वास घेतलात तरी मला राग नाही. पण गोविंदाला तेवढं विचारू नका. तो सांगेल तेव्हा पहिल्यांदा तिला सांगू द्या.