आधी अंगठा

रक्ताच्या बाबतीत धाकटीच्या घरी एकच कायदा होता: आधी अंगठा, मग बोंबाबोंब. दादाला कुठे खरचटलं, की जो जवळ असेल त्याने हातातलं टाकून जखमेवर अंगठा दाबून धरायचा. बाकीच्यांचं रक्त आपसूक गोठतं, दादाचं गोठत नाही, हे धाकटीला पाढ्यांच्याही आधी कळलं होतं.

दादा घड्याळं दुरुस्त करायचा. गुडघ्यात रक्त साचून साचून एक पाय कामातून गेला होता, पण तोंड शाबूत होतं. धाकटी प्रयोगशाळेत लागली तेव्हापासून दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला उंदराचं पुराण ऐकावं लागे. "रक्त गोठायला एक प्रथिन लागतं, ते यकृतात तयार होतं. ते बनवायची अक्कल एका जीनमध्ये असते. उंदराचा तो जीन आणि आपला, चुलतभाऊच म्हणा ना. माझा जन्मापासून बिघडलेला. तिच्या उंदरांचा मुद्दाम बिघडवलाय, आणि ती तो ताळ्यावर आणतेय. म्हणजे दोघांचा धंदा एकच, दुरुस्तीचा." गिऱ्हाईक बिचारं नुसता पट्टा बदलायला आलेलं असायचं.

अखेर परीक्षेचा दिवस आला. निरुपद्रवी विषाणूच्या पाठीवर लादून चांगला जीन धाकटीने उंदरांच्या यकृतात पोचवला होता. आता उंदराला भूल द्यायची, शेपटीचं टोक किंचित कापायचं, शेपटी कोमट मिठाच्या पाण्यात सोडायची आणि स्वस्थ बघत बसायचं. रक्त आपलं आपण थांबलं, तर जीन कामाला लागला. नाही थांबलं, तर सगळी वर्षं वाया, आणि दादा होता तिथेच.

तिने कापलं. पाण्यात लाल धागा उतरला आणि लांबत गेला. शेपटी वर उचलून आपण कधी चिमटीत धरली, हे धाकटीला कळलंच नाही. भानावर येऊन तिने ती पुन्हा पाण्यात सोडली, तोवर रक्त थांबलं होतं. शेजारच्या टेबलावरची मंडळी धावत आली, कोणी तिची पाठ थोपटली. सगळ्यांनी स्वच्छ पाणी पाहिलं, अंगठा कोणीच पाहिला नव्हता.

धाकटीने आपल्या अंगठ्याकडे पाहिलं. गप्प बसायला काय लागत होतं? पण हा जीन आज ना उद्या दादासारख्या कोणाच्या तरी अंगात जायचा होता, आणि तिथे तिचा अंगठा पोचणार नव्हता. ती उठून प्रमुख बाईंकडे गेली. या बाईंना माघारी सगळे 'तराजू' म्हणत, कारण त्या कौतुकसुद्धा तोळ्याने द्यायच्या.

"हा उंदीर हिशेबात धरू नका. मी शेपटी दाबली."

"दाबलीस? का?"

"घरची सवय."

बाईंनी चष्मा काढून पुसला. "उद्या दुसरे उंदीर घेऊ. कापीन मी. तू फक्त बघायचंस."

घरी तिने दादाला सांगितलं. तो चिडेल असं तिला वाटलं होतं, तर तो हसता हसता लोळायचा बाकी राहिला. "शाबास. उंदरालासुद्धा सोडलं नाहीस. उद्या हात मांडीखाली घालून बस."

"आणि नाही थांबलं तर?"

"माझं कुठे थांबतं? पण खरं काय ते तर कळेल."

दुसऱ्या दिवशी ती खरोखर हातांवर बसली. बाईंनी पहिला उंदीर घेतला तो जीन न दिलेला. त्याचं रक्त वाहतच राहिलं, शेवटी बाईंनीच जखम बंद केली. मग जीन दिलेला आला. लाल धागा उतरला, लांबला. धाकटीचे अंगठे शिवशिवत होते. तिने ओठ चावला, पण हात काढले नाहीत. धागा बारीक झाला, तुटला, आणि शेपटीच्या टोकाला रक्ताची इवलीशी गुठळी दिसली. पुढच्या उंदराचंही थांबलं, त्याच्या पुढच्याचंही.

"कालच्या उंदराचं तू सांगितलंस," बाई म्हणाल्या, "म्हणून आजचे मला खरे वाटतात. तुझ्यासारखी माणसं माझ्याकडे आहेत, याचा मला अभिमान आहे." तराजूने एवढं माप कधी कोणाच्या पदरात टाकलं नव्हतं. धाकटीचे डोळे भरून आले.

तिने दुकानात फोन लावला. "दादा, थांबलं."

"हात?"

"मांडीखाली होते."

"म्हणजे कोणी दाबलं नाही, आणि थांबलं?"

"कोणी नाही. आपलं आपण थांबलं."

मग दादाचा आवाज आला, पण तो समोरच्या गिऱ्हाइकाशी बोलत होता.

"बसा हो जरा. घड्याळाचं नंतर बघू. आमच्या धाकटीने आज रक्त पाहिलं आणि हात लावला नाही."