माप आणि घडण

माझ्यावर कुणीच विश्वास ठेवला नाही. सोळा वर्षं मी मेडिकल कॉलेजातल्या या हाडांच्या खोलीत काम करते, मऊ ब्रशनं एकेक हाड झाडून पुन्हा त्याच्या खोक्यात ठेवते. पण चौथी शिकलेल्या बाईनं हाडांविषयी तोंड उघडायचं नसतं.

खिडकीजवळच्या खोक्यावर 'पुरुष' अशी चिठ्ठी होती. ज्यावरून बाई की पुरुष ते कळतं त्या कमरेच्या हाडाचा चुरा झालेला, म्हणून मोठ्या सरांनी मांडीच्या हाडाची लांबी मोजली आणि मोकळे झाले. पण त्यातला डावा हात कोपराखाली वाकडा जुळलेला होता, अगदी माझ्या थोरल्या बहिणीचा लहानपणी मोडून जुळला होता तसा. ताई दारातून वाकून आत यायची, एवढी उंच. बावीस वर्षांपूर्वी ती नाहीशी झाली. दाजींनीच तिला संपवलं म्हणून आम्ही त्यांना चारचौघांत शिव्या घातल्या. त्या खातखातच ते मेले. मी सरांना म्हटलं, हा पुरुष नाही, बाई आहे.

"मावशी, एवढी दांडगी बाई?" सर हसले. "लग्नात नवऱ्याला कडेवर घेतलं होतं की काय?"

"घेतलं असतं. तुम्हालाही घेतलं असतं."

यंदा संशोधनाला एक पोरगी आली. तिनं नुसती लांबी मोजली नाही. हाडाहाडावर खुणा धरून माप आणि घडण दोन्ही एकत्र तपासलं. तिसऱ्या दिवशी तिनं मला खोक्याजवळ बोलावलं.

"मावशी, माप पुरुषाचं दिसतं, पण घडण बाईची आहे. मोठ्या चणीची बाई. तुमचंच खरं होतं."

मी तिला सरांपुढे नेलं. सर मात्र हटेनात. "मी काय नुसत्या लांबीवर गेलो? सांगाडा आणून देणाऱ्यानंच लिहून दिलंय," म्हणत त्यांनी पिवळा पडलेला कागद माझ्यापुढे आपटला.

'मृत: माझा मुलगा.'

आम्हाला भाऊ नाही. कधीच नव्हता. खाली सही होती, आणि सहीखालची रेघ टोकाला गळासारखी वर वळलेली. चार वर्षं माझ्या प्रगतिपुस्तकावर, पालकांच्या रकान्यात, हीच रेघ होती.

भरदुपारी घरी गेले. म्हातारा बाप रोजच्यासारखा खिडकीत बसून रस्ता बघत होता.

"ताई दिसली का गं कुठं?" त्यानं रोजच्याच मायेनं विचारलं.

बावीस वर्षं मी दाजींचं नाव घेत आले. दाराची कडी आतून लावली, आणि त्या जागी दुसरं नाव घेतलं.

आबा.