जास्तीचा घास

त्र्याहत्तर साली पोळ्याच्या चार दिवस आधी मी हौशाला छावणीतून घरी आणला. दुष्काळात आमच्या आळीतले सात बैल कर्जतकडच्या छावणीला गेले होते. जगला तो हा एकटा, आणि त्याच्याही बरगड्या लांबून मोजता येत होत्या.

निघताना गुरांच्या डॉक्टरांनी चिठ्ठी दिली. मी चाळिशीत अक्षरं शिकलो, थोडी इंग्रजीही. चिठ्ठीवर 'ओव्हरफीड' असा शब्द होता, त्याखाली दोन रेघा. वाचता आला, अर्थ कळेना. विचारला.

"मायेनं जास्त खाऊ घालणं," डॉक्टर म्हणाले. "ते करायचं नाही. महिनाभर चारा थोडा थोडा वाढवा. दाणा, पोळी, गूळ काही नको. उपाशी आतडं आहे, पोट फुगून दोन दिवसांत जाईल."

"ह्याला येगळा शब्द हाय?"

"आहे. लेकरांसाठीही वापरतात. इंग्रजीत ती चूक धरतात."

खाऊ घालणं चूक कशी, हे मला वाटभर पटेना. पण रब्बीची पेरणी हौशावर होती. जोडीला दुसरा बैल मेव्हणा देणार होता.

पोळ्याला दुपारपासून बाया ताटं घेऊन येऊ लागल्या. त्यांचे गोठे रिकामे, नैवेद्य मात्र बैलालाच द्यायचा. घरोघरी पुरणाची एकेकच पोळी लाटलेली. मी दारात हात जोडून उभा राहिलो. म्हणालो, बैलाच्या कपाळाला लावा आणि परत न्या.

"एका पोळीनं काय हुतंय, भावजी?" लंकाबाई म्हणाली.

"तुमच्या एकीनं न्हाई, वैनी. पर अशा अकरा हाईत."

"छावनीत ऱ्हाऊन बैल सायेब झाला म्हनायचा," असं म्हणून ती ताट झाकून गेली. माझी बायको कडूबाई चुलीपाशी बसली होती. तिचीही पोळी तशीच पडून होती.

शेवटी झुंबरकाकू आली. एकटी बाई. तिचा बैल राजा पंधरा दिवसांपूर्वी छावणीतून घरी आला आणि दुसऱ्याच दिवशी मेला.

"भिमाजी, मला बी न्हाई म्हनशील?"

मी तिला चिठ्ठी वाचून दाखवली, डॉक्टरांनी सांगितलेला अर्थही सगळा सांगितला. सांगून झाल्यावर कळलं, आपण कुणाला काय सांगितलं.

ती ताटाकडं बघत राहिली. "राजा आला त्या सांजेला बियाची जवारी घातली त्याला. पायलीभर. मी म्होरं बसून हुते. लई दिसांनी खात हुता रं."

"राजाला रोग हुता, काकू."

"डाक्टर म्हनला?"

"व्हय."

डॉक्टरांपाशी मी राजाचं नावसुद्धा काढलं नव्हतं. काकूनं पोळी हौशाच्या कपाळाला लावली. त्यानं जीभ काढली, तशी तिनं हात मागं घेतला आणि ताट पदराखाली धरून निघून गेली.

हौशा वाचला. महिन्याभरानं पेरणीला पाभर धरली ती आधी काकूच्या रानात. बी माझं होतं. ती बांधावर बसून होती. दुपारी बैल सोडले तेव्हा ओंजळभर हिरवं गवत घेऊन आली. हौशापुढं धरलं नाही. माझ्याकडं बघून म्हणाली,

"एवढं चालंल का?"