नव्वद सेंटिमीटरचं दार

मित्रांनो, मी एका घराचा नकाशा आहे, आणि आता चांगलाच जुना झालो आहे. कागदाची घडी डोळ्यांपुढे आणू नका हं! मी कॉम्प्युटरमध्ये राहतो. भिंती, दारं, खिडक्या, जिना, सगळं माझ्या पोटात, तरी वजन म्हणाल तर शून्य.

माझा जन्म दोन टेबलांच्या एका लहानशा ऑफिसात झाला. तिथल्या आर्किटेक्टबाई भारी चिकट. एखादी रेघ मनासारखी येईपर्यंत दहादा पुसायच्या. एके दिवशी त्यांच्याकडे घर बांधायला निघालेले बहीणभाऊ आले. बहीण कपडे शिवायची, सगळे तिला टेलरताई म्हणत. अकरा वर्षांपूर्वी एका अपघातात तिचे पाय निकामी झाले, तेव्हापासून ती चाकांच्या खुर्चीत होती. जीभ मात्र तिच्या कात्रीइतकीच चालायची.

भावाला गच्ची हवी होती, वहिनीला मोठं स्वयंपाकघर. टेलरताईने एकच गोष्ट मागितली. जुन्या घरात बाथरूमचं दार अरुंद होतं, त्यामुळे अकरा वर्षं वहिनी तिला उचलून आत नेत होती. वहिनीने कधी कुरकुर केली नाही, पण टेलरताईला ते रोज टोचायचं.

"मला एकटीला आत जाता आलं पाहिजे आणि दार आतून लावता आलं पाहिजे," ती म्हणाली. "बाकी घर तुम्ही कसंही बांधा."

बाईंनी टेबलं सरकवली आणि तिला तिथेच खुर्ची गोल फिरवायला लावली. टेलरताईने गिरकी घेतली ती कचऱ्याची टोपली लोळवूनच! बाईंनी जमिनीवर खडूने वर्तुळ काढलं, टेपने मोजलं आणि ते माप माझ्यात उतरवलं. बाथरूमला नव्वद सेंटिमीटरचं दार मिळालं. कधी एकदा बांधला जातोय, असं मला झालं होतं.

पण बांधकाम बघणारा इंजिनिअर वेगळ्याच प्रोग्रॅमवर काम करायचा. त्याच्या प्रोग्रॅमला कळेल अशा रूपात बदलून मला पाठवावं लागलं. याला म्हणतात एक्स्पोर्ट. आमच्यासाठी ते बिऱ्हाड हलवण्यासारखंच असतं. काहीतरी फुटतं, काहीतरी हरवतं.

पहिल्या खेपेला तर माझी पार शोभा झाली. बाईंनी मला मिलिमीटरमध्ये काढलं होतं, त्या प्रोग्रॅमने तेच आकडे मीटर समजून घेतले. झालं! स्वयंपाकघर ओलांडायला पाऊण तास चालावं लागलं असतं. या घरात विमानं उतरणार आहेत का, असं इंजिनिअरने बाईंना फोन करून विचारलं. दोघंही पोट धरून हसले. चूक दुरुस्त करून मला पुन्हा पाठवलं, तेव्हा भिंती तंतोतंत बसल्या. इंजिनिअरने चार भिंती मोजून पाहिल्या आणि तो खूश झाला. मीही फुगलो.

मित्रांनो, तिथेच तर घात झाला. भिंती म्हणजे साध्या रेघा, त्या नीट पोचल्या. माझी दारं मात्र त्या प्रोग्रॅमला ओळखताच येईनात. मग त्या शहाण्याने कुणाला न विचारता आपल्या साठ्यातली दारं बसवली. खोल्यांची दारं त्याच्याकडेही नव्वदची होती. बाथरूमचं होतं सत्तरचं. कहर म्हणजे बाईंनी शेजारी लिहिलेला नव्वदचा आकडा जसाच्या तसा पोचला होता. इंजिनिअरने तो वाचून मान डोलावली, आणि प्रोग्रॅमने काढलेली दारांची यादी सुताराकडे रवाना झाली. मला तोंड असतं तर मी बोंब ठोकली असती. पण नकाशाला कोण विचारतो!

दुसऱ्या दिवशी इंजिनिअर माझी मोठी प्रिंट घेऊन टेलरताईची सही घ्यायला गेला. टेलरताईचा एक नेम होता. कापडाला कात्री लावायच्या आधी ती कागद कापून बघायची. प्रिंट खऱ्या घरापेक्षा किती पटीने लहान आहे, ते तिने विचारून घेतलं. स्वतःची खुर्ची चाकांवर ठेवलेल्या हातांसकट मोजली आणि त्याच प्रमाणात जाड कागदाची इवलीशी खुर्ची कापली. मग ती माझ्या अंगावरून फिरवायला लागली. काय गुदगुल्या झाल्या म्हणून सांगू! हॉल झाला, स्वयंपाकघर झालं, निजायची खोली झाली. बाथरूमच्या दारात कागद अडला.

"ताई, नव्वद लिहिलंय की तिथे," इंजिनिअर म्हणाला.

"लिहिलंय नव्वद, काढलंय कमी. माझी खुर्ची आकडे वाचत नाही हो, तिला दारातून जायचं असतं."

इंजिनिअरने पट्टी लावली आणि त्याचा चेहरा पडला. सुताराला फोन लावला तर तो उचलेना. सुतार पडला उतावळा, सहीची वाट न बघताच करवत चालवत बसलेला. भावाने स्कूटर काढली आणि तो पोचला तेव्हा चौकटीचं एकच लाकूड कापून झालं होतं. ते पुढे टेलरताईच्या शिवणाच्या टेबलाला लागलं.

संध्याकाळी बाई आणि इंजिनिअर शेजारी शेजारी बसले. चूक तुझ्या प्रोग्रॅमची की माझ्या, यावर दोघांनी वेळ घालवला नाही. दोन्ही पडद्यांवर मला उघडलं आणि एकेक दार, एकेक खिडकी मोजून काढली. एवढे लाड माझे कुणी कधी केले नव्हते.

आता मला कुणी उघडत नाही. नवे प्रोग्रॅम आले, त्यांना माझी भाषाही धड कळत नाही. त्याचं थोडं वाईट वाटतं, नाही कसं? पण मित्रांनो, तुम्ही मोठे होऊन माझ्यासारख्या कुणाला इकडून तिकडे पाठवाल, तेव्हा "पोचला का?" एवढंच विचारू नका. शाबूत पोचला का, ते मोजून बघा. आकड्यापलीकडे कुणीतरी वाट बघत असतं.

टेलरताईच्या घरचे नव्या घरात राहायला गेले, तो दिवस मी इंजिनिअरच्या टॅबमधून पाहिला. सगळे गच्चीचं कौतुक करत होते. टेलरताई थेट बाथरूमकडे निघाली. अकरा वर्षांच्या सवयीने वहिनी धावली, पण ती पोचेपर्यंत दार लागलं होतं आणि आतून कडीही सरकली होती. वहिनी उचलायला पुढे केलेले हात तसेच धरून दाराबाहेर उभी राहिली.

"वहिनी, तू जा गं, बस जरा," आतून आवाज आला. "मला आज खूप वेळ लागणार आहे."