भिजलेला प्लग

मेजर विनायक सोहोनींनी इंजिन सुरू करायची दोरी पुन्हा ओढली आणि ती मधेच अडकली.

"जोर लावू नका," दिगंबर म्हणाला. "इंजिनात इंधन साचलंय. दट्ट्या वर सरकणार कसा?"

"इंधन पोचतच नाहीये, दिगंबरराव," मेजर म्हणाले आणि कार्बुरेटरची इंधन सोडणारी सुई त्यांनी आणखी अर्धा आटा सैल केली.

शकुनने पुऱ्यांच्या डब्याचं झाकण परत लावलं. हे दोघं, म्हणजे तिचा थोरला भाऊ मेजर आणि तिचा नवरा दिगंबर, सकाळपासून मैदानावर गवतात गुडघे टेकून बसले होते. मधे होता हातभर लांबीचा लाल ट्रक. रेडिओवर चालणारा. मेजरांच्या एका मित्राने तो विलायतेहून आणला होता, सोबत इंधनात मिसळायच्या नायट्रोचा लहानसा डबा. बाकीचं इंधन, म्हणजे मिथेनॉल आणि एरंडेल, कॉलेजात रसायनशास्त्र शिकवणाऱ्या दिगंबरने जमवलं होतं. मेजरांची कलकत्त्याच्या फोर्ट विल्यममधून जोधपूरला बदली झाली होती, सामान बांधून झालं होतं, आणि हा ट्रक अजून एकदाही पळाला नव्हता.

दिगंबरने पाना लावून प्लग काढला. प्लग एरंडेलाने चिंब झाला होता. त्याने ट्रक उलटा धरला आणि दोरी ओढली, तशी प्लगच्या भोकातून पिचकारी उडाली ती थेट मेजरांच्या पांढऱ्या शर्टावर.

"बघा," दिगंबर म्हणाला. "पोचत नाही म्हणता ना?"

दिगंबरने प्लग पुसला, बॅटरीला लावून त्याची तार लाल होतेय ना ते पाहिलं आणि तो परत बसवला. दोरी ओढताच इंजिन दोनदा फुरफुरलं, पांढरा धूर सोडून गप्प झालं. दोघं सुईवरून वाद घालत बसले. एक म्हणे आवळा, दुसरा म्हणे सोडा. तेवढ्यात दोरी पुन्हा अडकली.

"याच्यापेक्षा रणगाडा बरा," मेजर पुटपुटले.

"मग रणगाडा आणायचा होता," दिगंबर म्हणाला.

"अहो, भांडू नका हो," शकुन कंटाळून म्हणाली. "आणि त्या नळीकडे जरा बघा तरी. कोणी हात लावलेला नाही, तरी आतलं इंधन पुढे सरकतंय."

दोघं वाकले. पारदर्शक नळीतला एक बुडबुडा सावकाश इंजिनाकडे चालला होता.

दिगंबरने टाकीखाली बोट घातलं. खाली लाकडाचा एक ठोकळा होता. "हा काय?"

"मी बसवला," मेजर म्हणाले. "टाकी उंच असली की इंधन नीट उतरेल."

"उतरतंय ना! इंजिन बंद असतानासुद्धा उतरतंय. सकाळपासून हेच चाललंय."

"मला आधी का नाही विचारलंत?" मेजर म्हणाले.

"तुम्ही मला का नाही सांगितलंत?"

"दादा," शकुन म्हणाली, "आधी तो ठोकळा काढ."

मेजरांनी ठोकळा काढला. टाकी खाली आली, कार्बुरेटरच्या पातळीला. दिगंबरने सुई मूळच्या खुणेवर आणली, इंजिन उपडं करून कोरडं केलं, प्लग बसवला. या खेपेला दोरी सरळ बाहेर आली आणि इंजिन चिडलेल्या गांधीलमाशीसारखं गुणगुणायला लागलं. निळसर धुराला एरंडेलाचा वास होता.

ट्रक गवतावरून सुसाट निघाला. वळला, परत आला, एका बकरीला हुलकावणी देऊन पुढे गेला. मेजर लहान पोरासारखे हसत होते. थोड्या वेळाने त्यांनी रेडिओचा डबा दिगंबरच्या हातात दिला.

"घ्या, तुम्ही चालवा."

दिगंबरने ट्रक समोरून आपल्याकडे येताना डावीकडे वळवायला पाहिलं. पण समोरून येणाऱ्या ट्रकची डावी बाजू म्हणजे त्याची उजवी; ट्रक उजवीकडे वळला. घाबरून त्याने आणखी डावीकडे दाबलं. ट्रक एका खड्ड्यात तोंड खुपसून थांबला आणि बंद पडला.

मेजर धावत गेले, टाकी उन्हात धरून हलवली. ती रिकामी होती. बाकीचं सगळं इंधन सकाळभर गवतावर आणि त्यांच्या शर्टावर सांडलं होतं.

"आणखी मिथेनॉल?"

"प्रयोगशाळा सोमवारी उघडेल," दिगंबर म्हणाला.

"माझी गाडी उद्या पहाटेची आहे."

शकुनने दोघांच्या हातात एकेक पुरी ठेवली. पुरीला एरंडेलाचा वास लागला, तरी दोघांनी ती खाल्ली.