पुलावरचे निळे कोट

आमच्या ह्यांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नाहीत, कोट राहतात. माझ्या सख्ख्या मावशीला हे तीनदा "आपण कोण?" असं विचारून मोकळे झालेत. पण कधीकाळी मेलेल्या शिपायाची नुसती कॉलर दाखवा, तो कोणत्या पलटणीतला आणि कोणत्या लढाईत होता ते छातीठोकपणे सांगतील. संग्रहालयात ह्यांचं कामच ते. लढायांची जुनी चित्रं येतात, मागे ना नाव ना साल. मग गणवेश आणि निशाणं बघून हे लढाई ओळखतात.

तिथेच एक मुलगी चित्रं साफ करते. काडीला कापूस गुंडाळायचा, औषधात बुडवायचा आणि नखाएवढी जागा पुसत बसायचं. सगळे तिला कापूसवालीच म्हणतात. ह्यांच्याशी तिचं छान जमायचं, कारण ह्यांचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेणारं तिथे दुसरं कोणी नव्हतं.

एक दिवस तिचा मला फोन आला. "काकू, आज सरांना न्यायला याल का? हल्ली फार दमतात." दमायला हे काय खाणीत उतरतात, असं पुटपुटत मी गेले.

आत शिरले तर ह्यांचा आवाज चढलेला. टेबलावर मोठं चित्र आडवं ठेवलेलं, त्यात एका पुलावर सैनिकांची ही झुंबड.

"निशाणावर बगळा आहे," हे सांगत होते. "बगळा म्हणजे पुलाची लढाई. त्या पलटणीचे कोट निळेच. इथे हिरवे दिसतायत, म्हणजे जुनं वार्निश अजून शिल्लक आहे. पूस!"

आता यात वेडगळ काही नव्हतं. वार्निश जुनं झालं की पिवळं पडतं आणि त्याखालचा निळा रंग हिरवा दिसतो, हे ऐकून ऐकून मलाही पाठ झालंय.

"सर, वार्निश कधीच निघालंय," कापूसवाली म्हणाली. "आता पुसलं तर खालचा रंग जाईल. हा बघा, कापूस निळा आलाय."

"हिरवट मळ आहे तो! मला शिकवतेस? पूस म्हटलं ना!"

मी बघितलं. कापूस चांगला निळा होता. तिने काडी खाली ठेवली, हात मागे घेतले आणि अगदी हळू विचारलं, "सर, काकूंचा स्वेटर कोणत्या रंगाचा आहे?"

"हिरवा. त्याचा इथे काय संबंध?"

तो स्वेटर मीच विणलेला. लोकर निवडायला हेच बरोबर आले होते.

"अहो," मी म्हटलं, "निळा आहे हो."

हे आधी हसले. मग आम्हा दोघींची तोंडं बघितली. मला खिडकीपाशी नेलं, माझी बाही उजेडात धरली, डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. मग येऊन खुर्चीत बसले ते एकदम म्हातारे दिसायला लागले.

"डोळेच गेले तर मी काय करू?" हे म्हणाले. आणि मग तिला, "पोरी, चित्राला हात लावू नकोस. मी कितीही ओरडलो तरी."

दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. ऑपरेशनने बरं होईल, पण इतके दिवस चालवलंत कसं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. हे दोन रंगांचे मोजे घालून हिंडत होते आणि मी वेंधळे म्हणून झापत होते.

ऑपरेशनच्या दिवशी कापूसवाली रजा काढून आली. बाहेरच्या बाकावर मी तिला विचारलं, "तुला आधीच कळलं होतं ना? वरच्या साहेबांना का नाही सांगितलंस? तुझी कटकट तरी वाचली असती."

"सरांचं काम काढून घेतलं असतं त्यांनी," ती म्हणाली. "शिवाय हे कळेल तेव्हा घरचं माणूस जवळ असावं असं वाटलं. म्हणून तुम्हाला बोलावलं. तोवर कोरड्या कापसाने पुसल्याचं नाटक करत होते. त्या दिवशी सर समोरच उभे राहिले, म्हणून एका कोपऱ्यात औषध लावावं लागलं."

आभार मानायला मी तोंड उघडलं तर रडूच फुटलं. मी तिचा औषधाने खरखरीत झालेला हात धरून बसून राहिले. आमच्या पोटची मुलगी असती तर तिने याहून वेगळं काय केलं असतं?

दुसराही डोळा झाल्यावर हे कामावर गेले, तेव्हा मीही गेले. चित्र आता भिंतीशी उभं होतं. हे नाक लागेल इतके जवळ गेले.

"केवढे निळे आहेत गं!" म्हणाले, आणि एकेका शिपायापुढे थांबत पुलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेले.

साहेब आले, पाटीवर काय लिहायचं म्हणाले. "पुलाची लढाई. लिहा बिनधास्त," असं सांगून हे कापूसवालीकडे वळले. चहा हातात दिला तर नुसतं "हं" म्हणणारा हा माणूस. त्यांनी चारचौघांत तिला हात जोडले.

"ही सगळी माणसं मी पुसून टाकणार होतो," हे म्हणाले. "तू माझं ऐकलं नाहीस, म्हणून उभी आहेत."

"सर, हात खाली करा ना," ती कानकोंडी झाली. "सगळे बघतायत."

"बघू देत," हे म्हणाले. "मलाही बघता येतंय."