कोरी टाइल

आमच्या गावातल्या वाचनालयाला एक दार, दोन खिडक्या आणि एक वास होता. दार-खिडक्या पंचायतीच्या, वास मात्र लोकवर्गणीचा. वडगाव रासाईकडून येणारी एसटी वाचनालयाच्या भिंतीपाशीच थांबायची, आणि उतरलेला प्रत्येक पुरुष आधी भिंतीकडे वळायचा, मग गावाकडे. शनिवारी बाजार. त्या दिवशी नदीपलीकडून, पार खुटबावपासून माणसं यायची. रांजणगावची एमआयडीसी नुकतीच भरायला लागली होती, त्यामुळे कारेगावात खोल्या करून राहणारी कंपनीची पोरंही भाजीला यायची. बाजारात आल्यावर सगळ्यांना पहिली आठवण माझ्या भिंतीची व्हायची.

माझी म्हणते, कारण तिथली ग्रंथपाल मी. संध्याकाळी दहावी-बारावीच्या मुली अभ्यासाला येऊन बसायच्या. घरी एक तर लाइट नाही, आणि असली तर टीव्ही आहे. दारापर्यंत यायचं तर त्या भिंतीला लागूनच यावं लागतं. मुली ओढणी नाकाला लावून, मान खाली घालून पळतच आत शिरायच्या. अल्लाबक्ष गवंड्यांची सबीना बारावीला होती, तिला डी.एड. करायचं होतं. एके दिवशी ती खिडकीत बसलेली असताना बाहेर एक जण उभा राहिला, आत बघून हसला आणि हसत हसतच त्यानं काम उरकलं. दुसऱ्या दिवसापासून सबीना यायची बंद झाली, आणि हळूहळू बाकीच्याही. त्या परत याव्यात एवढंच मला हवं होतं. पुढचं सगळं रामायण त्याच्यापायी घडलं.

मी, राजश्री, नास्तिक आहे. एखाद्याच्या पायाला सहा बोटं असल्याचं गावाला ठाऊक असतं, तसं हे गावाला ठाऊक आहे. नवरा गेल्यामुळे बाई देवावर रुसली, असं परगावचे लोक परस्पर ठरवून टाकतात. माझा नवरा चांगला धडधाकट आहे. नवनाथ त्याचं नाव, दौंडला रेल्वेत असतो आणि दर गुरुवारी घरी उदबत्ती लावतो. त्याच्या उदबत्तीला मी कधी नाव ठेवलं नाही, आणि त्यानं कधी माझा हात धरून तो जोडायला लावला नाही. घरात जे जमतं ते गावात का जमू नये, एवढंच माझं म्हणणं असतं.

मी पंचायतीकडे मुतारी मागत होते. पुरुषांची आणि बायकांचीही. बायकांची म्हटल्यावर सरपंच आनंदराव असे बघायचे, जणू मी विमानतळ मागितलाय. शेवटी त्यांनी बैठकीत तोडगा काढला.

"बाई, मुतारी बांधायची म्हंजी जागा बघा, पाणी बघा, साफ कोण करनार ते बघा. त्यापरीस सोपं औषध हाय. भिंतीला देवाच्या टायली लावू. देवाम्होरं कोण उभं ऱ्हातंय धोतर सोडून?"

"आप्पा, भिंत पंचायतीची हाय, म्हंजी माझी बी हाय. आन् मला देव न्हाई."

"तुमाला न्हाई त्याला आमी काय करावं? समद्यांचे लावू की. गणपती, साईबाबा, मारुती, मुसलमानांची मक्का, बौद्धांचा बुद्ध. कुनी म्हनून ऱ्हायला नको."

"मग मी ऱ्हायलेच की."

आनंदराव खुर्चीत मागे रेलले. त्यांना गंमत सुचली होती. "तुमची बी लावू. कोरी. तुमच्या खिडकीखालीच."

सगळी बैठक हसली. मी म्हणाले, "लावा." चेष्टेत का होईना, पंचायतीनं माझी जागा मान्य केली होती. मी ती सोडणार नव्हते.

बैठकीत चांगुणाबाई होत्या, बौद्धवस्तीतून निवडून आलेल्या. त्या हसल्या नव्हत्या. "आमच्या बुद्धाला असल्या राखणीला बसवायचं न्हाई. आधीच सांगून ठेवते," असं त्यांनी बजावलं. मग टाइल्स लावायला अल्लाबक्षमामांना बोलावलं, तर त्यांनी खोकं उघडून काब्याची टाइल तेवढी बाहेर काढली, रुमालात गुंडाळली आणि आनंदरावांच्या हातात दिली. "आप्पा, ही मी तितं लावनार न्हाई. लावायचीच आसंल तर दुसरा गवंडी बघा." अशा रीतीनं सर्वधर्मसमभावातून दोन धर्म आपणहून उठून गेले. राहिले गणपती, लक्ष्मी, साईबाबा, शंकर, मारुती आणि खिडकीखाली मी. कोरी, पांढरीशुभ्र.

शनिवारी बाजार भरला. एसटी थांब्याजवळ कुशाबाई रोजच मेथी-कोथिंबीर घेऊन बसते. सगळं गाव तिला आजी म्हणतं. दुपारी तीच मला बोलवायला आली.

"राजश्री, जरा भाईर यिऊन बघ गं. समदे तुझ्याच टायलीवर यायल्यात."

मी बाहेर आले. देवांच्या टाइल्ससमोरची जमीन कोरडी ठणठणीत होती. माझ्या टाइलसमोर मात्र रांग लागली होती. आधी जी घाण भिंतभर पसरायची ती सगळी आता एका जागी आली होती, आणि ती जागा होती मुलींच्या खिडकीखालची. रांगेतला एक पोरगा मागच्याला म्हणाला, "थांब की, बाईंच्या जागेवर नंबर लागतोय." मग त्याला मी दिसले. तो खाली बघायला लागला, पण रांगेतून हटला नाही.

मला राग आला. रागाच्या आधी लाज वाटली, आणि लाज वाटली याचा आणखी राग आला. आठवडाभरात 'बाईंची जागा' हे त्या ठिकाणाचं नावच पडलं. शेवटी मी आनंदरावांकडे गेले.

"बघा, देव नसला की काय हुतंय," ते म्हणाले. आनंदराव वाईट नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की ते मला समजावतायत. "तितं बी एक दत्त लावू. मिटलं."

"आप्पा, जितं देव न्हाई तितं घाण केली तर चालतंय, ह्ये तुमी गावाला शिकवलं. मला देव न्हाई, म्हंजी माझी जागा मुतायची व्हय?"

त्यांनी तंबाखूची डबी काढली. उत्तर सुचलं नाही की आनंदराव तंबाखू मळतात. त्या दिवशी बराच वेळ मळली.

दोन-तीन दिवसांनी अल्लाबक्षमामा सबीनाकडचं पुस्तक परत करायला आले. ती काही येणार नाही, हे त्यांनी न सांगताच कळत होतं. जाताना ते खिडकीपाशी थांबले.

"माझ्याच हातानं बसवली. काढून टाकू का?"

"काढू नका, मामा. माझी टाइल हाय. तिच्यावर काय लावायचं ते मी ठरवनार."

नवनाथनं दौंडहून कपाटासाठी एक आरसा आणला होता. माप न घेता आणल्यामुळे तो कपाटाला बसलाच नाही आणि खाटेखाली पडून होता. मी तो बाहेर काढला, पुसला आणि मामांना दिला. मामांनी आधी स्वतःचं तोंड बघितलं, मिशीवर बोट फिरवलं आणि पांढरं सिमेंट कालवायला घेतलं. कोरी टाइल खालीच ठेवून तिच्या वर, खिडकीच्या चौकटीला लागून, उभ्या माणसाच्या तोंडासमोर येईल अशा बेतानं, त्यांनी आरसा पक्का बसवला. काम करताना ते मधूनच हसत होते.

"ह्याला माझी कायबी हरकत न्हाई," ते म्हणाले. "ह्यात तर मीच हाय."

पुढच्या शनिवारी मी खिडकीत खुर्ची टाकून बसले. पहिली एसटी आली. एक धट्टाकट्टा माणूस पिशवी खांद्याला अडकवून नेहमीच्या सवयीनं माझ्या टाइलसमोर आला, कमरेला हात घातला आणि त्यानं मान वर केली. समोर त्याचंच तोंड. त्याच्या खांद्यामागं कुशाबाई, तिच्याकडे मेथी घ्यायला आलेल्या बायका आणि अख्खा बाजार, सगळे त्याच्याकडे बघतायत. पाठ फिरवली की जग दिसत नाही, आणि दिसत नाही म्हणजे जग आपल्याला बघत नाही, या हिशेबावर गावोगावचे पुरुष उभे असतात. तो हिशेब त्याचा तिथल्या तिथं चुकला. त्यानं कमरेचा हात काढून खिशात घातला, कंगवा काढला, शांतपणे भांग पाडला आणि निघून गेला. कुशाबाई एवढी हसली की तिच्या हातातली जुडी सुटली.

दुसरा आला, त्यानं टोपी सारखी केली. तिसऱ्यानं दात बघितले. एक जण बाजूला सरकून मारुतीपुढे उभा राहिला, पण मारुतीच्या हातात गदा होती. तोही परतला. दुपारपर्यंत सगळा बाजार अवघडून फिरायला लागला. व्यापारी आनंदरावांच्या दारात गेले. आनंदराव स्वतः सकाळपासून चार ठिकाणी चहा पिऊन बसले होते, हे मला नंतर समजलं. ते तरातरा चालत भिंतीपाशी आले आणि आरशापुढे येऊन एकदम थबकले.

"बाई, ह्ये काय हाय?"

"माझी टाइल, आप्पा. तुमीच मंजूर केलेली."

"आवो, पर आता मान्सानं जायचं कुटं?"

"ह्येच मी कवापासनं इचारतेय."

त्यांनी आरशात बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. तंबाखूची डबी काढली नाही. उभं राहण्याइतपतही त्यांची अवस्था उरली नव्हती, तसेच झपाझप घराकडे गेले.

ग्रामसभेत मुतारीचा विषय निघाला तेव्हा विरोधाला कुणी उभं राहिलं नाही. ओढ्याकडेची जागाही निघाली, पाणीही निघालं, आणि साफसफाईला पंचायतीनं पगारी माणूस ठेवला. पुरुषांची आधी बांधू, बायकांचं मागाहून बघू, असं आनंदराव म्हणताच चांगुणाबाई उठल्या. "दोनी एकाच दिशी उघडायच्या. न्हाईतर दोनी बंद ऱ्हातील." त्या खाली बसल्या आणि तसंच ठरलं.

मुताऱ्या सुरू झाल्यावर मी पंचायतीत पुन्हा एक विषय मांडला. देवांच्या टाइल्स आता काढा. त्या ज्या कामाला लावल्या होत्या ते काम संपलं, आणि भिंत सगळ्यांची आहे. मला वाटलं होतं की इथं खरं भांडण होणार. मी तयारीनं गेले होते. पण सभेच्या दारात बसलेली कुशाबाईच बोलली. "काढा की. देवांस्नी पाहऱ्याला बसवलं तवाच मला बरं वाटलं न्हवतं. धुळीत बसल्यात बिचारे." अल्लाबक्षमामांनी एकेक टाइल छिन्नीनं अलगद सोडवली, एकीचाही टवका उडू दिला नाही. ज्याला जी हवी ती त्यानं घरी नेली. मारुती कुशाबाईनं नेला. भिंतीला चुना दिला.

"तुमची बी काढायची का?" आनंदरावांनी विचारलं.

"काढा. समद्यांच्या निगाल्या तर माझी बी निगाली पायजे."

त्या दिवशी सबीना आली होती, तीन मैत्रिणींना घेऊन. ती म्हणाली, "बाई, टाइल काढा, पण आरसा राहू द्या. त्यानं कुणाचं काय बिघडतंय?" आनंदरावांनी नकळत आरशात बघून मिशी नीट केली. त्यामुळे त्यांना नाही म्हणता आलं नाही.

मग एके सकाळी मी दार उघडायला आले, तर आरशाच्या वरच्या कडेला हळदीकुंकवाची बोटं ओढलेली आणि कोपऱ्यात एक झेंडूचं फूल खोचलेलं. मी ओल्या फडक्यानं पुसून काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी मी लवकर आले आणि कुशाबाईला कुंकवानं माखलेली बोटं पदराला पुसताना पकडलं.

"आजी, ह्ये तुमी लावता?"

"व्हय. समद्यांचे देव आपापल्या घरला गेले, तितं त्यांस्नी हळदकुकू मिळतंय. तुझा एकलाच भाईर ऱ्हायला. वंगाळ दिसतंय ते."

मी तिच्याजवळ पोत्यावर बसले. "आजी, त्यो देव न्हाई. मला देव न्हाईच." हे वाक्य मी आयुष्यात कितीदा बोलले असेन. ऐकणारा एक तर हसतो, नाही तर मला सुधारायला घेतो. कुशाबाई जुड्या बांधत होती. तिनं हात थांबवले.

"आजिबात न्हाई?"

"आजिबात."

"मग येळ-वखत आला की काय करतीस?"

"मान्सांना हाक मारते."

तिनं त्यावर थोडा विचार केला. मग फूल आरशावरून काढून स्वतःच्या अंबाड्यात खोचलं. "बरं. मग न्हाई लावत," ती म्हणाली आणि उरलेल्या जुड्या बांधायला लागली.

दुसऱ्या दिवशी सवयीनं फडकं भिजवून घेऊन आले. आरशावर कुंकू नव्हतं. पण एसटीच्या धुळीचा रोज सकाळी साचलेला थरही नव्हता. काच लख्ख होती. खाली कुशाबाई नेहमीसारखी मेथी मांडत बसली होती, आणि तिच्या पदराचं टोक ओलं होतं, धुळीनं करडं झालेलं.

एसटी आली, मागून मुली आल्या. सबीना आरशापुढे थांबली, वेणी पाठीवर टाकली आणि चालत आत गेली. मी फडकं पिळून पिशवीत ठेवलं.